शेळी तोंड लावत नाही असं झाड

"मावशी, असं झाड द्या, की पाणी घातलं नाही तरी जगेल, वर्षभर फुलेल आणि शेळी त्याला तोंड लावणार नाही."

वरवंडजवळ हायवेच्या कडेला मी सव्वीस वर्षं नर्सरी चालवते. त्याआधी आठ वर्षं एका सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर पिशव्यांत माती भरत होते. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता गिऱ्हाईक गाडीतून उतरून कंबर ताठ करायला लागलं की मला कळतं, आलंच हे आता. आणि माझं डोकं उठतं.

अहो, शेळी म्हणजे काय नाजूक जनावर आहे का? ती बाभळीचे काटे खाते. निवडणुकीची पोस्टरं खाते, उमेदवारासकट. माझ्या शेडनेटची सुतळी खाल्ली तिनं. असली ही बाई ज्या झाडाकडं ढुंकूनही बघत नाही, त्याला काहीतरी कारण असेल ना? पण सव्वीस वर्षांत एकाही माणसानं मला विचारलं नाही, की मावशी, शेळी ते का खात नाही?

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले तेव्हा संपादकांना बागकामाच्या चार सोप्या युक्त्या हव्या होत्या. युक्त्या मोबाइलवर ढिगानं मिळतात. मी एका पोरीबद्दल लिहिणार आहे, आणि तिच्याबाबतीत मी जे केलं त्याबद्दल. पण त्याआधी आमचा धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई उगाच तणतणतेय.

नर्सरीवाल्याला कुठलं झाड आवडतं, सांगू? जे मरत नाही ते. रोप पिशवीत असतं तोवर त्याला आम्ही पोसतो, आणि मेलं तर नुकसान आमचं. मग जी रोपं कीड लागून जात नाहीत, जनावर खात नाही, दोन दिवस पाणी चुकलं तरी मान टाकत नाहीत, ती आमच्याकडं जास्त असतात. कण्हेर, बिट्टी, सायकस, डिफेनबाखिया, घाणेरीचे ते रंगीबेरंगी प्रकार. नीट बघा, यातलं एकही झाड खाण्यातलं नाही. झाडाला पळून जाता येत नाही. कुणी खायला आलं तर त्याच्याकडं दोनच उपाय, काटा नाहीतर विष. काटा दिसतो, म्हणून लोक म्हणतात काट्याचं नको, घरात लहान मुलं आहेत. आणि त्याच मुलांसाठी कण्हेर घेऊन जातात.

यावर लोकांची उत्तरं ठरलेली. खुटबावचे एक आप्पा गेल्या वर्षी मला म्हणाले होते, रुई मारुतीला चालते, धोत्रा महादेवाला चालतो, कण्हेर तर सगळ्याच देवांना चालते, मग त्यात कसलं आलंय विष? म्हटलं, आप्पा, देवानं आजवर एक पान चावलेलं नाही. आप्पांना राग आला. ते समोरच्या नर्सरीत गेले आणि कण्हेर घेऊन आले, जाताना मला दाखवत.

शिरूरच्या साहेबांचं सांगते. पूर्वी मी आठवड्याच्या बाजाराला न्हावऱ्यामार्गे शिरूरला रोपांची गाडी घेऊन जायचे. तिथं एका बंगल्यातले निवृत्त साहेब माझे कायमचे गिऱ्हाईक. मोठा माणूस, पण झाडातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी गेटच्या दोन्ही बाजूंना सायकस लावून घेतला. दिसायला पामसारखा, रुबाबदार, दगडासारखा चिवट. घरात ब्रूनो नावाचा कुत्रा, वर्षाचा असेल, दिसेल त्याला दात लावणारा. ब्रूनोनं एका सायकसचा बुंधा कुरतडला आणि उलट्या करून आडवा पडला. जनावरांच्या डॉक्टरांनी तीन दिवस सलाईन लावलं तेव्हा कुठं वाचला. पुढच्या बाजाराला साहेब कुरतडलेला तुकडा घेऊन माझ्या गाडीपुढं उभे. भर बाजारात मला म्हणाले, तुम्ही कुत्र्याला मारायला निघाला होता.

मी ऐकून घेतलं, कारण त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. पण पुढं ऐका. ओरडून झाल्यावर साहेब म्हणाले, आता ब्रूनोला आम्ही बाहेर सोडत नाही, घरातच ठेवतो. तेव्हा हॉलमध्ये ठेवायला ते मोठ्या पानांचं, पांढरे ठिपके असलेलं झाड द्या. म्हणजे डिफेनबाखिया. त्याचं पान चावलं की जीभ आणि घसा असा सुजतो, की कुत्रा काय, माणसालाही बोलता येत नाही. मी म्हटलं, साहेब, देणार नाही. कुत्रं घरात आणि हे झाडही घरात, असं कसं चालेल? त्यांनी तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या गाडीवरून तेच घेतलं. मी कप्पाळाला हात लावला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळतं तर मावशी पिशवीवर लिहून का ठेवत नाही? ठेवलं होतं की. तीन वर्षांपूर्वी सुरुवात केली. विषारी रोपांच्या पिशव्यांवर मी लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढायला लागले. पहिल्याच महिन्यात एक बाई म्हणाल्या, लाल पट्ट्याचं द्या, मला लाल फुलंच आवडतात. दुसऱ्या एकीनं पुढच्या वर्षी येऊन भांडण काढलं, की लाल म्हणून दिलं आणि फुलं पिवळी आली. मग मी पट्टा काढून पिशवीवर कवटी काढली. तर लोक म्हणायला लागले, घरात कवटी नको, अपशकुन होतो. कवटी पुसून द्या, झाड तेच द्या. मी हात टेकले. आता तोंडानं सांगते. झाड हातात देण्याआधी, पैसे घेण्याआधी, सगळं सांगते. गिऱ्हाईक कंटाळून मोबाइल काढतं, तरी सांगते.

त्याआधी आपणहून सांगत नव्हते. कारण कुणी विचारत नव्हतं. आता त्या पोरीकडं येते.

खुटबावच्या पुढं एक वस्ती आहे, तिचं नाव लिहीत नाही. तिथं अंगणवाडी आहे आणि सुरेखाताई तिथल्या सेविका. चांगली बाई, पोरांवर जीव टाकणारी. अंगणवाडीला कुंपण म्हणून झाडं लावायची होती, आणि झाडं लावली की त्यांचे फोटो वर पाठवायचे असतात. लावताना एक, तीन महिन्यांनी एक, मग दरवर्षी एक. ताईंनी आधी जांभूळ लावलं, शेळ्यांनी खाल्लं. मग शेवगा लावला, पोरांनी आणि शेळ्यांनी मिळून संपवला. मग चिंच. फोटोत दरवेळी नुसत्या काड्या. वरून विचारणा झाली, की झाडं कुठं गेली. ताई माझ्याकडं आल्या तेव्हा रडायच्या बेतात होत्या. त्यांनीही तेच वाक्य म्हटलं, शेळीचं.

मी म्हटलं, बिट्टी न्या. शेळी फिरकायची नाही.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. बारीक लांब पानं, घंटेसारखी पिवळी फुलं, आणि हिरवं, जरा चपटं, कडा असलेलं फळ. ते पिकून काळं पडतं, वरचा गर सडतो आणि आत एक टणक, तिकोनी कोय निघते. त्या कोयीलाही आम्ही बिट्टीच म्हणतो. आमच्या लहानपणी पोरी त्या धुऊन, सुकवून त्यांनी खेळायच्या. पाच बिट्ट्या वर उडवायच्या, हाताच्या पंजावर झेलायच्या, खाली पडल्या तर डाव गेला. म्हणजे झाड बिट्टी, बी बिट्टी आणि खेळही बिट्टी. एका शब्दात तीन गोष्टी. हे लक्षात ठेवा.

पिशव्या टेंपोत चढवत होतो तेव्हा माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला सांगू? मनात आलं, की अंगणवाडी आहे, चार-पाच वर्षांची पोरं आहेत, आणि या कोयीच्या आतला गर म्हणजे जहर आहे. सरकारी रोपवाटिकेत पहिल्याच वर्षी आम्हाला सांगितलं होतं, की हा गर थेट काळजावर जातो, ठोके मंद करतो. सगळं ठाऊक होतं मला. मग मीच मला समजावलं, की आमच्या गावाकडं बांधाबांधाला बिट्टी होती, आम्ही रोज खेळलो, आम्ही काय मेलो का? वर ताईंना दोन मोगरे फुकट दिले. टेंपो गेला आणि मी जेवायला बसले.

झाडं झकास आली. फोटो गेले. ताईंचं कौतुक झालं, शंभर टक्के झाडं जगली म्हणून कागद आला, तो त्यांनी मला मोबाइलवर पाठवला. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

दोन वर्षं गेली. गणपती उठल्यानंतरचा आठवडा होता, दुपारी बाराचं ऊन. माझ्या नर्सरीसमोर एक रिक्षा थांबली आणि त्यातून एक म्हातारी आणि एक पोर उतरली. म्हातारीला पाणी हवं होतं, पोर सारखी ओकत होती म्हणून. मी त्यांना शेडनेटखाली बसवलं. म्हातारी गयाबाई, पोर तिची नात आरोही, पाच वर्षांची. त्याच वस्तीवरच्या. मी काही त्यांना ओळखत नव्हते. आरोहीची आई मनीषा कंपनीत पॅकिंगला होती, फर्स्ट शिफ्टला गेलेली.

मी विचारलं, काय झालं? गयाबाई म्हणाली, "काय न्हाई बया. पोरीनं बिट्टी गिळली. डाक्टरला दावून आले. त्ये म्हनले, पडंल सकाळपतूर. केळं खाऊ घाला."

डॉक्टर कुठले, कुणाचा दवाखाना, ते जाऊ द्या. बाहेरून आलेला नवा मुलगा होता, असं नंतर कळलं. म्हातारीनं त्यांना सांगितलं की नात बिट्ट्या खेळत होती आणि तिनं बिट्टी गिळली. त्यांनी विचारलं, बिट्टी म्हणजे काय. म्हातारी म्हणाली, खेळायची असती ती. मग ते समजले गोटी, मणी, खडा असलं काहीतरी. पोरं गिळतातच. त्यांनी पोट दाबून बघितलं, उलटीचं औषध दिलं आणि पाठवून दिलं. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. आणि खरंच अख्खी कोय गिळली असती तर ती तशीच बाहेरही पडली असती, इतकी ती टणक असते.

मी आरोहीसमोर बसले. पोरीचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे. मी विचारलं, बाळा, गिळलीस का फोडून खाल्लीस?

ती आजीकडं बघायला लागली. मार बसेल असं वाटलं असणार. मी म्हटलं, कुणी मारणार नाही, सांग. तेव्हा ती म्हणाली, "दगडानं फोडली. आतलं खाल्लं. बदामावानी."

शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असतं ना, त्याची कोय पोरं दगडानं फोडतात आणि आतला गर खातात. सगळीच खातात, तुम्ही खाल्लाय, मी खाल्लाय. आरोहीनं अंगणवाडीच्या कुंपणाखाली पडलेल्या बिट्ट्यांचं तेच केलं होतं. किती फोडल्या विचारलं, तर तिनं आधी दोन बोटं दाखवली, मग तीन.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पेशंटनं काय खाल्लंय? मी म्हटलं बिट्टी. त्या म्हणाल्या, काय, परत सांगा. मी म्हटलं, बिट्टी, बिट्टी. त्यांना कळेना. शेवटी मी म्हणाले, विष खाल्लंय, झाडाचं विष, काळजावर जाणारं, पोर पाच वर्षांची आहे. तेव्हा त्या पटापट पत्ता विचारायला लागल्या. एवढ्या वर्षांच्या धंद्यात माझ्या मालाला मी पहिल्यांदाच विष म्हणत होते.

गाडी येईपर्यंत गयाबाई मिठाचं पाणी पाजायला निघाली होती, उलटी काढायला. मी हात धरला. असलं काही करू नये. ज्याला कळतं त्याच्यापर्यंत पोर लवकर पोचवावी आणि झाड सोबत न्यावं. झाडाचं नाव गावागणिक बदलतं, पण पान-फूल-फळ समोर ठेवलं की कुणालाही दाखवता येतं. मी माझ्याच रांगेतली एक फांदी तोडली, फुलं आणि हिरवी फळं असलेली. आरोहीच्या फ्रॉकच्या खिशात उरलेल्या चार बिट्ट्या होत्या, त्या घेतल्या. सगळं एका पिशवीत घालून मी गाडीत बसले, अंगावर मातीनं भरलेली साडी तशीच.

पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बिट्टी म्हटल्यावर काही ओळखलं नाही, पण पिशवी उघडली आणि फांदी बघितल्याबरोबर त्या धावत आत गेल्या. पोरीला वायरी लावल्या, मशीन सुरू झालं. ठोके फार मंद होते. एवढी वर्षं ज्या झाडाला मी चिवट म्हणून विकत आले, ते माझ्यासमोर त्या मशीनवर थांबत थांबत चाललं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मनीषा आली, कंपनीच्या निळ्या ॲप्रनवर. तिला सगळं बाहेरच कळलं होतं, म्हणजे जेवढं लोकांना ठाऊक होतं तेवढं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, मावशी, तुम्ही नसता तर आमची पोर गेली असती. मग गयाबाईकडं वळली. काय बोलली ते लिहीत नाही. पोरीला बिट्ट्या खेळायला कुणी शिकवलं, डॉक्टरला नीट का सांगता आलं नाही, एवढं वय झालं तरी अक्कल नाही, असं सगळं. म्हातारी भिंतीला टेकून उभी होती, खाली बघत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती झाडं मी दिली, तिच्या सासूची चूक नाही, एवढी दोन वाक्यं. मी ती बोलले नाही. पोर आत पडलीय, ही वेळ नाही, असं मी मला सांगितलं. मला समजावण्यात मी फार हुशार आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आरोही पाच दिवसांनी घरी आली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पहार आणि कुऱ्हाड घेऊन वस्तीवर गेले. सुरेखाताई म्हणाल्या, झाडं काढता येणार नाहीत, ती नोंदीत आहेत, पुढच्या फोटोला कमी दिसली तर उत्तर कोण देणार? सरपंचांना फोन लावला. सरपंच म्हणाले, ठराव करावा लागेल, पुढच्या मीटिंगला बघू. मी म्हटलं, पोरगी मरता मरता वाचलीय आणि तुम्हाला ठराव हवाय? ते म्हणाले, मावशी, तुम्ही तापू नका, पोरांना खाऊ नका म्हणून सांगू की. पाच वर्षांच्या पोरांना! मी फोन ठेवला आणि एक एक झाड मुळासकट काढलं. दोन दिवस लागले, हाताला फोड आले. चीक अंगाला लागू नये म्हणून हातमोजे घातले होते, तरी. तोडलेल्या फांद्या चुलीला न्यायला बाया आल्या, त्यांनाही हाकललं, कारण त्याचा धूरही वाईट. सगळं खड्ड्यात पुरलं. जागी जास्वंद लावली आणि तारेची जाळी मारून दिली. शेळ्यांनी तरीही अर्धी खाल्ली. खाऊ देत.

तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "मावशी, झाडं तुमच्याकडनं आणली हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही आता कशाला काढता तो विषय?" त्यांनी माझ्या भल्यासाठीच म्हटलं, आणि त्यांच्याही. मी मान हलवली.

मग आली सव्वीस जानेवारी. वस्तीनं ठरवलं, मावशीचा सत्कार करायचा. मी नाही म्हटलं. तीन वेळा नाही म्हटलं. सरपंचांना वाटलं मला लाज वाटतेय. गाडी पाठवली त्यांनी. झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली, मग शाल आणि नारळ. सरपंचांनी माझ्यावर एवढं भाषण केलं, की मला उठून पळून जावंसं वाटलं. देवदूत म्हणाले मला.

समोर खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या. पुढच्या रांगेत मनीषा, मांडीवर आरोही. आणि गयाबाई नव्हती. शोधलं तर ती मागं, हापशाच्या कट्ट्यावर एकटी बसलेली दिसली. माझ्या शेजारच्या बाईला विचारलं, म्हातारी तिकडं का? ती म्हणाली, सुनेनं चार महिने झाले पोरीला तिच्याकडं देणं बंद केलंय. कामावर जाताना पोर शेजारी ठेवते. म्हातारीनं हातही लावायचा नाही, असं सांगितलंय. म्हातारी जेवते वेगळी, झोपते वेगळी, आणि सगळ्यांना सांगत फिरते की माझीच चूक झाली.

माइक माझ्या हातात दिला. मी म्हणाले, सत्कार माझा नको. इथं जी बिट्टीची झाडं होती ती मीच दिली होती.

तर टाळ्या वाजल्या. अहो, टाळ्या! सरपंचांनी माइक घेतला आणि म्हणाले, बघा मंडळी, मावशींचा मोठेपणा, अंगणवाडीला झाडंही त्यांनीच दिली होती. मी परत माइक घेतला आणि म्हणाले, अहो, तसं नाही, ते विषारी झाड होतं आणि मी ते पोरांच्या दारात लावायला दिलं. मग कुणीतरी म्हणालं, मावशी साध्या आहेत, त्यांना तरी काय ठाऊक असणार. पुन्हा टाळ्या. मला त्या सगळ्यांचा असा राग आला, आणि त्याहून माझा. कबूल करायला गेलं तर त्याचाही सत्कार होतो, असली माणसं.

मी खाली उतरले. चहा वाटत होते. मनीषा माझ्याकडं आली, आरोहीचा हात धरून. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या, ते मी वरून बघितलं होतं. तिनं अगदी हळू विचारलं.

"मावशी, तुम्हाला ठाव व्हतं?"

मी म्हणाले, होतं.

"झाडं देताना ठाव व्हतं?"

मी म्हणाले, हो, देताना.

"मंग सांगितलं का न्हाई?"

याचं उत्तर माझ्याकडं तयार असतं. शिरूरच्या बाजारात दिलंय, नर्सरीत दिलंय, डझनभर लोकांना दिलंय. तुम्ही विचारलं नाहीत, असं ते उत्तर. ते माझ्या तोंडापर्यंत आलं. आणि मग लक्षात आलं, की ही बाई माझ्याकडं झाड घ्यायला आलीच नव्हती. तिनं कधी आणि काय विचारायचं होतं?

मनीषानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आन् मी चार म्हैने म्हातारीच्या ताटात पोरीला जेवू दिलं न्हाई."

एवढं बोलून तिनं आरोहीला कडेवर उचललं आणि ती हापशाकडं चालायला लागली. गयाबाईनं तिला येताना बघितलं आणि घाईघाईनं कट्ट्यावरून उठली, जागा करून द्यायला, कुणाच्या वाटेत आल्यासारखी. मनीषानं तिला खांद्याला धरून परत खाली बसवलं आणि पोर तिच्या मांडीवर दिली. म्हातारी पोरीला धरेना. दोन्ही हात तिनं बाजूला, हवेत धरून ठेवले होते, आणि सुनेकडं बघत विचारत होती, "घेऊ का? घेऊ का गं?"